दार न उघडल्यास

नॉर्मन हॉलिवेलला समितीवर घेण्याचं गावच्या कौन्सिलने ठरवलं, त्याआधीच्या सहा वर्षांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. म्हणजे विचारायचे पुष्कळ. गोळ्या घेतल्या का, पोट साफ झालं का, खुर्चीवरून उठताना तोल गेला का. पण तुमचं मत काय, असं विचारणारं पहिलं माणूस म्हणजे टाउन हॉलमधली हेदर लॉमॅक्स. ती स्वतः लार्च क्रेसेंट या गल्लीतल्या त्याच्या तळमजल्याच्या घरी आली, कोट न काढता सोफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मिस्टर हॉलिवेल, तुमच्यासारख्यांची घरी येऊन काळजी घेणाऱ्या संस्थेचं कंत्राट येत्या सप्टेंबरात संपतंय. नवं टेंडर काढतोय. दर वेळी आम्ही चार ऑफिसवालेच बसून गुण देतो. या वेळी ज्याच्या घरी रोज माणूस येतं असा कुणीतरी समितीत हवा. याल का?"

नॉर्मन एकोणसत्तर वर्षांचा होता. ब्रॅकनशॉ गावात एकतीस वर्षं त्याने बस चालवली होती. मग पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, जीभ जड झाली. बायको त्याच्या आधी दोन वर्षं गेलेली. "मला... बोलायला वेळ लागतो," तो म्हणाला.

"आम्ही थांबू," हेदर म्हणाली.

एवढ्यावरच तो हो म्हणाला. मग तिने एक कागद पुढे केला. समितीत जे होईल ते बाहेर कुणाला सांगायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही, अशा अर्थाचा. नॉर्मनने डाव्या हाताने सही केली. सही वाकडी आली, पण त्याला ती आवडली.

सही केली तेव्हा त्याच्या मनात ग्लेनिसचा विचार आला नाही असं नाही. ग्लेनिस टॅटरसॉल त्याच्याकडे रोज सकाळी पावणेआठला यायची. अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, पायाने पक्की. गाडी चालवता येत नसे, म्हणून संस्थेच्या मालकीणबाई मिसेस बूथ यांनी तिला क्रेसेंटवरचीच सहा घरं दिली होती. एका दारातून निघायचं, दुसऱ्यात शिरायचं.

"उठा ड्रायव्हरसाहेब, गाडी डेपोतून काढा," असं म्हणत ती पडदे ओढायची.

"चार मिनिटं... उशीर," नॉर्मन घड्याळाकडे बोट करायचा. "प्रवासी तक्रार करताहेत."

"प्रवाशांना म्हणावं तिकिटाचे पैसे परत घ्या आणि चालत जा."

त्याचं अर्धं बोलणं इतरांना कळत नसे. ग्लेनिसला सगळं कळायचं. ती त्याला आंघोळ घालायची, मोजे चढवायची, लापशी करून द्यायची, आणि हे सगळं करताना गावभरच्या बातम्या सांगायची. मग साडेआठला शेजारच्या दाराशी जायची. तिथे हिल्डा क्रॉम्प्टन राहायची.

हिल्डा अठ्ठ्याऐंशीची होती. गादीच्या कारखान्यात शिवणयंत्रावर आयुष्य काढलेली, लग्न न केलेली. आता तिला माणसं ओळखू येत नव्हती, आणि न ओळखलेल्या माणसाला ती दार उघडत नसे. बाहेर भिंतीवर सेविकांसाठी किल्ली ठेवलेली पेटी होती, पण आतून कडी आणि साखळी. डॉक्टर येऊन परत जायचे. ग्लेनिस मात्र पुढच्या दाराशी थांबतच नसे. मागच्या अंगाने जायची, स्वयंपाकघराच्या खिडकीवर नखाने टकटक करायची आणि म्हणायची, "हिल्डा, आयव्ही आलेय गं. चहा टाक."

आयव्ही ही हिल्डाची धाकटी बहीण. तिला जाऊन वीस वर्षं झाली होती. ग्लेनिसने सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं होतं की मी आयव्ही नाही. दोन्ही वेळा हिल्डा दिवसभर रडली. मग तिने सांगणं सोडून दिलं. मधली भिंत पातळ होती. कडी निघाल्याचा आवाज नॉर्मनला रोज ऐकू यायचा आणि मग हिल्डाचं बोलणं, "आज पण उशीर केलास."

समितीची पहिली बैठक एप्रिलमध्ये झाली. व्हीलचेअर चढवता येणारी छोटी बस त्याला न्यायला आली. टेबलाभोवती हेदर, खरेदी खात्याचा डंकन नावाचा माणूस, आरोग्य खात्यातली एक नर्स आणि नॉर्मन. हेदर म्हणाली, बोली लावणाऱ्या संस्थांना विचारायचे प्रश्न ठरवायचे आहेत, त्यातला एक तुम्ही सुचवा. नॉर्मनने विचार करायला वेळ घेतला. ते खरंच थांबले. शेवटी तो म्हणाला, "माणसाने... दार उघडलं नाही तर? काय करणार?"

डंकनने मान वर केली. "चांगला प्रश्न आहे," तो म्हणाला आणि लिहून घेतला. परतीच्या बसमध्ये नॉर्मन एकटाच हसत होता. दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने विचारलं, "काल कुठे भटकत होतास रे? दुपारी डोकावले तर घराला कुलूप." त्याने दवाखान्यात गेल्याचं सांगितलं. तिच्याशी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

जूनमध्ये उत्तरं आली. तीन संस्थांची, नावं काळ्या पट्टीने झाकलेली. एक, दोन, तीन. गुण शून्य ते पाच. हेदरने बजावून सांगितलं, "जे कागदावर आहे त्यालाच गुण. तुम्हाला बाहेरून काय माहीत आहे, ते इथे आणायचं नाही. नाहीतर हरलेली संस्था आम्हाला कोर्टात खेचेल."

नॉर्मनने कागद घरी नेऊन पाच दिवस वाचले. तिसऱ्याचं उत्तर पानभर होतं आणि सुरेख होतं. दार न उघडल्यास सेविका दहा मिनिटं थांबेल, दोनदा फोन करेल, आपल्या ऑफिसला कळवेल. ऑफिस नातेवाइकांना फोन करेल. आतून काहीच प्रतिसाद नसेल तर अर्ध्या तासात पोलिसांना बोलावलं जाईल. प्रत्येक पावलाची नोंद होईल. आपण पडलो आणि दार उघडता आलं नाही, तर असंच कुणी यावं असं वाचताना त्याला वाटलं.

दुसऱ्याचं उत्तर तीन ओळींचं होतं. 'आम्ही आमची माणसं ओळखतो. कुणाच्या दारातून कसं आत जायचं हे आमच्या मुलींना माहीत आहे. आजपर्यंत कुणाला तसंच सोडून आलेलो नाही.'

काळी पट्टी असून नसल्यासारखीच होती. वेळापत्रकाची चिठ्ठी लिहितानाही मिसेस बूथ अशाच लिहायच्या. अठ्ठावन्न वर्षांच्या बायांना 'मुली' म्हणणारं गावात दुसरं कोण होतं? नॉर्मनने ते ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच तो बिथरला. आपण सही केली आहे. आपण बस चालवायचो तेव्हा सख्ख्या मेहुण्यालाही तिकिटाशिवाय बसू दिलं नाही. पेन्सिल डाव्या हातात धरून त्याने तीनला पाच लिहिले आणि दोनला दोन.

बैठकीत सगळ्यांनी आपापले गुण सांगितले. तीनला चौघांचेही पाच. दोनला नर्सचे तीन, हेदरचे तीन, डंकनचे तीन. शेवटी एकच आकडा ठरवायचा होता.

"त्रोटक आहे, पण आशय आहे," नर्स म्हणाली. "मी तीनवर ठाम नाही, पण तीन देता येतील."

हेदर नॉर्मनकडे वळली. "आमच्यात दार उघडणारे तुम्ही एकटेच आहात. तुम्ही दोन म्हणता. का?"

"लिहिलंच नाही," नॉर्मन म्हणाला. "कसं आत जायचं... माहीत आहे म्हणतात. मग लिहायचं ना. कागदावर... नाही."

नवख्या माणसाने नियम आपल्यापेक्षा चांगला लक्षात ठेवला म्हणून डंकन थोडा ओशाळला असावा. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. दोन लिहिले गेले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ग्लेनिस सकाळी आली ती पडदे न ओढताच पलंगाच्या कडेवर बसली.

"गेलं कंत्राट," ती म्हणाली. "दक्षिणेकडची कुठलीतरी मोठी कंपनी आहे. मिसेस बूथ काल ऑफिसात रडत होत्या. बावीस वर्षं केलं बिचारीने."

नॉर्मनने विचारलं, "आणि तू?"

"मी काय, फर्निचरबरोबर जाते. टेबलं, खुर्च्या, ग्लेनिस टॅटरसॉल. कायद्याने त्यांना आम्हाला घ्यावंच लागतं म्हणे. गणवेश निळ्याऐवजी जांभळा." ती उठली आणि मोजे शोधू लागली. "त्या टाउन हॉलमध्ये कोण बसतात गुण द्यायला, त्यांनी जन्मात कुणाचं ढुंगण पुसलंय का, एवढंच विचारायचंय मला."

नॉर्मनने खिडकीकडे पाहिलं. त्या दिवशी त्याने उशिराची तक्रार केली नाही, आणि ते ग्लेनिसच्या लक्षात आलं. "तुझ्यासाठी काही बदलणार नाही रे," ती म्हणाली. "तोंड कशाला पाडतोस?"

बदललं ते नवं कंत्राट लागू झाल्यावर तीन आठवड्यांनी. कंपनीने गावाचे चार भाग पाडले, आणि कुणाला कुठे पाठवायचं ते संगणक ठरवू लागला. ग्लेनिसला मूरसाइड मिळालं, गावाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरउतारावर, दोन बस बदलून. तिने ऑफिसात जाऊन सांगितलं की माझी सहा घरं क्रेसेंटवर आहेत, मी चालत जाते. तिथल्या मुलीने नम्रपणे सांगितलं की आता तशी घरं नसतात, फेऱ्या असतात.

शेवटच्या दिवशी ग्लेनिसने नॉर्मनची दाढी जरा जास्तच वेळ केली. "हिल्डाचं सगळं लिहून दिलंय मी," ती म्हणाली. "खिडकी, आयव्ही, चहा, सगळं. सहा पानं. तरी भिंतीला कान ठेव. काही वाटलं तर मला फोन कर."

"करीन."

"आणि नव्या बाईला छळू नकोस. घड्याळ दाखवू नकोस तिला."

नवी बाई एक नव्हती, बऱ्याच होत्या. त्यातली रुतेंडो त्यातल्या त्यात जास्त वेळा यायची. उंच, हळू बोलणारी, झिम्बाब्वेहून दोन वर्षांपूर्वी आलेली. ती नॉर्मनला 'सेकुरु' म्हणायची. आमच्याकडे आजोबांना म्हणतात, असं तिने सांगितलं. तिचे हात हलके होते आणि ती मनापासून काम करायची, पण फोन सतत वाजायचा. वीस मिनिटं झाली की फोन तिला दुसरीकडे बोलवायचा.

"सेकुरु, शेजारच्या आजी दार उघडत नाहीत," तिसऱ्याच दिवशी ती म्हणाली. "आतून ओरडतात, चालते व्हा."

"मागून," नॉर्मन म्हणाला. "खिडकी. आयव्ही... म्हण."

"काय?"

त्याने पुन्हा सांगितलं. घाईत त्याची जीभ जास्तच अडखळायची. रुतेंडोने कान जवळ आणला, तिसऱ्यांदा तिला कळलं. तिने फोनमध्ये हिल्डाचं पान उघडून त्याला दाखवलं. ग्लेनिसच्या सहा पानांचं तिथे एका ओळीत झालं होतं. 'सेवा नाकारण्याची शक्यता. प्रेमाने समजूत काढावी.'

रुतेंडो मागच्या बाजूला गेली. नॉर्मनला नखाची टकटक ऐकू आली, आणि तिचा आवाज, "हिल्डा, मी आयव्ही." मग आतून किंकाळी. खिडकीत अनोळखी चेहरा दिसला होता. रुतेंडो परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मी त्यांना घाबरवलं," ती म्हणाली. "पुन्हा नाही जाणार मी तिथे."

त्यानंतर कधी दार उघडायचं, कधी नाही. कुणी साखळीच्या फटीतून सँडविच आत सरकवायचं. कुणी दाराशी उभं राहून फोनवर काहीतरी टिपायचं आणि निघून जायचं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थंडी एकदम वाढली आणि सोमवारपासून दार उघडेनासंच झालं. नॉर्मन भिंतीशी खुर्ची लावून बसायचा. आतून ओरडणं ऐकू यायचं, नळाचा आवाज यायचा नाही.

मंगळवारी त्याने कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं, हे तिच्या बाजूने म्हणायला हवं. "तुम्ही नातेवाईक आहात का?" तिने विचारलं.

"शेजारी."

"मग मला त्यांच्याविषयी बोलता येणार नाही. पण एवढं सांगते, आम्ही रोज चार वेळा माणूस पाठवतोय आणि सगळ्याची नोंद आहे. त्या आतून उत्तर देतात. नको म्हणण्याचा त्यांना हक्क आहे."

बुधवारी त्याने हेदरला फोन केला. ती रजेवर होती. त्याने निरोप ठेवला, पण यंत्राने तो अर्ध्यातच तोडला. मग तो स्वतः खुर्ची ढकलत हिल्डाच्या दाराशी गेला आणि पत्र टाकायच्या फटीतून हाक मारली. पुरुषाचा, तोही त्याचा तसला जड आवाज ऐकून ती आत आणखी लांब गेली. गुरुवारी सकाळी तिचं ओरडणंही बारीक झालं होतं, तेव्हा त्याने ग्लेनिसला फोन लावला.

हे सोमवारीच का केलं नाही, हे त्याने स्वतःला नंतर पुष्कळदा विचारलं. तिला हाक मारायला त्याला तोंड नव्हतं, हे खरं उत्तर होतं.

ग्लेनिस मूरसाइडची दुपारची फेरी संपवून दोन बस बदलून आली. साडेचार वाजले होते, उजेड जात होता. ती नॉर्मनकडे आलीच नाही, सरळ मागे गेली. टकटक झाली. "हिल्डा, आयव्ही आलेय गं. चहा टाक."

बराच वेळ काही झालं नाही. ग्लेनिसने पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, आवाज अजिबात न चढवता. मग काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला आणि साखळी निघाली.

हिल्डाच्या अंगावर दोन कोट होते. हीटर बंद होता. फटीतून आत आलेली सँडविचं दाराशी रांगेने ठेवलेली, एकही उघडलेलं नाही. डाव्या पायाला कशाने तरी झालेली जखम चिघळून गुडघ्यापर्यंत लाली चढली होती. रुग्णवाहिका येईपर्यंत ग्लेनिस तिला चमच्याने पाणी पाजत होती. स्ट्रेचर बाहेर आलं तेव्हा नॉर्मन आपल्या दारात खुर्चीवर होता. हिल्डाने त्याच्याकडे पाहिलं, पण तिची नजर कुठे ठरत नव्हती.

ती घरी परत आली नाही. तीन आठवडे हॉस्पिटलात, मग वीस मैलांवरच्या एका नर्सिंग होममध्ये, कारण जागा तिथेच होती. कंपनीने ग्लेनिसला लेखी ताकीद दिली. तिच्या यादीत नाव नसलेल्या व्यक्तीच्या घरात, कामाच्या वेळेबाहेर, परवानगीशिवाय प्रवेश. ग्लेनिसने ताकीद घडी करून पर्समध्ये ठेवली, महिना पुरा केला आणि नोकरी सोडली.

डिसेंबरात हेदर आली. चौकशी चालू होती, नॉर्मनची हकीकत तिला लिहून घ्यायची होती. सगळं सांगायला त्याला दीड तास लागला. ती थांबली. शेवटी ती म्हणाली, "कंपनीची एकही पायरी चुकलेली नाही. मी सगळ्या नोंदी पाहिल्या. प्रतिसाद नसेल तर पोलीस, असं त्यांनी लिहिलं होतं. तिने प्रतिसाद दिला. ओरडणं हा प्रतिसादच."

"किती गुणांनी... हरल्या? मिसेस बूथ?"

"ते मला सांगता येत नाही, नॉर्मन."

तो वाट पाहत राहिला. वाट पाहायची त्याला सवय होती.

"दीड," हेदर म्हणाली. "शंभरातल्या दीड गुणाने."

"माझा प्रश्न. दोनचे तीन... असते तर?"

हेदरने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. तिला खोटं बोलता आलं असतं. "त्या प्रश्नाला वजन जास्त होतं. एका आकड्याचे दोन गुण होत होते," ती म्हणाली. "वजन मी ठरवलं होतं. प्रश्न महत्त्वाचा वाटला म्हणून. आणि सही आपण चौघांनी केली आहे."

"तुम्ही तिघांनी... तीन लिहिले होते."

तिने त्याच्यासाठी चहा केला. कप कुठे आहेत ते त्याला सांगावं लागलं. जाताना ती म्हणाली की कंपनीच्या करारात एक कलम घालायचा प्रयत्न करते, जुन्या सेविकेने नव्या सेविकेला पहिले तीन दिवस बरोबर नेऊन ओळख करून द्यावी. "होईल का?" त्याने विचारलं. "प्रयत्न करते," ती पुन्हा म्हणाली.

हिल्डा फेब्रुवारीत गेली. स्मशानाच्या छोट्या हॉलमध्ये सहा माणसं होती. नर्सिंग होममधली एक, गादी कारखान्यातल्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी, मिसेस बूथ, ग्लेनिस आणि नॉर्मन. भाचा ऑस्ट्रेलियात होता, त्याने फुलं पाठवली होती. पंधरा मिनिटांत आटोपलं, कारण मागे दुसरे लोक थांबले होते.

बाहेर गारठा होता. मिसेस बूथ गाडी आणायला गेल्या. ग्लेनिसने नॉर्मनची खुर्ची आडोशाला लावली आणि त्याच्या मांडीवरची शाल खोचली.

"कशी दिसत होती रे ती शेवटी? तू गेला होतास ना जानेवारीत?"

"झोपलेली."

"मला जायला जमलंच नाही. आता शाळेच्या स्वयंपाकघरात आहे मी, सुट्टी मिळत नाही."

"ग्लेनिस," तो म्हणाला. "समितीत... मी होतो."

"कुठल्या समितीत?"

"टेंडरच्या. गुण दिले. मी."

त्याचं अर्धं बोलणं लोकांना कळत नसे, तिला सगळं कळायचं. त्याने सगळं सांगितलं, काळी पट्टी, तीन ओळी, ओळखलं तेही, दोनही, दीडही. सांगताना त्याने मांडीवरच्या शालीकडे पाहिलं नाही, तिच्याकडेच पाहिलं. मध्ये दोनदा जीभ अडली, पण तिने नेहमीसारखा शब्द पुरवला नाही.

"म्हणजे रोज सकाळी मी तुझे मोजे चढवत होते," ती शेवटी म्हणाली, "आणि तुला माहीत होतं."

"सही केली होती."

"हो. सही केली होतीस." तिने हातमोजे घातले, एक एक बोट नीट बसवत. "मिसेस बूथना मुद्देसूद लिहिता येत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी म्हटलं होतं त्यांना, मला द्या, मी लिहिते. म्हणाल्या, नको, आपलं काम बोलतं." ती थोडं हसली, पण ते हसू त्याच्यासाठी नव्हतं. "तुझ्या जागी मी असते तर पाच दिले असते. खुशाल खोटे दिले असते."

"माहीत आहे."

"तुला राग यावा म्हणून नाही म्हणत. मी तशी आहे, तू तसा आहेस."

मिसेस बूथची गाडी आली. त्या उतरून म्हणाल्या, "चला मुलींनो, नॉर्मन, तुम्हालाही सोडते." नॉर्मनने सांगितलं की त्याची बस ठरलेली आहे. ग्लेनिस पुढच्या सीटवर बसली. काच खाली करून ती म्हणाली, "शाल घट्ट घे," आणि गाडी निघाली.

त्यानंतर ती आली नाही. भांडण असं झालं नव्हतं. ईस्टरला तिचं कार्ड आलं, त्यावर फक्त नाव होतं. नॉर्मनने दोनदा फोन केला. एकदा ती शाळेत होती, एकदा बोलली, गुडघ्यांविषयी, हवेविषयी, आणि बोलणं संपवायची घाई तिनेही केली नाही, त्यानेही नाही, पण संपलं.

शेजारचं घर रंगवून एका तरुण जोडप्याला दिलं गेलं. ते दिवसभर कामाला असतात, भिंतीपलीकडून काही ऐकू येत नाही. हेदरचं कलम करारात आलं, पण 'शक्य असल्यास' या शब्दांसकट. मे महिन्यात संगणकाने रुतेंडोलाही दुसऱ्या भागात टाकलं. जाण्याआधी ती आपल्या जागी येणाऱ्या बाईला, कॅथलिनला, बरोबर घेऊन आली. तो तिच्या सुट्टीचा दिवस होता आणि त्याचे तिला पैसे मिळणार नव्हते.

"हे सेकुरु," ती कॅथलिनला म्हणाली. "हळू बोलतात. मध्ये तोंड घालायचं नाही, थांबायचं. उजवा पाय आधी मोज्यात घालायचा, नाहीतर कळ येते. लापशीत मीठ, साखर नाही." कॅथलिन फोनमध्ये टिपू लागली, तर रुतेंडोने तिच्या हातावर हात ठेवला. "लिहू नकोस. करून बघ."

कॅथलिन गुडघ्यावर बसली. तिला पहिल्यांदा नीट जमलं नाही. नॉर्मनने कळ सोसली आणि पाय पुन्हा पुढे केला.

त्याच आठवड्यात हेदरचा फोन आला. अपंग मुलांच्या दिवसभराच्या केंद्रासाठी टेंडर निघणार होतं, समितीवर याल का म्हणून. नॉर्मनने विचार करायला वेळ मागितला. चार दिवस त्याने काहीच कळवलं नाही, आणि पाचव्या दिवशी नाही म्हणाला. हेदरने कारण विचारलं नाही. त्याच्याऐवजी कोण बसलं, ते त्याला कधी कळलं नाही. त्याने विचारलंही नाही.